केएफटीचा रिपोर्ट आला की नुसतं क्रिएटिनिन बघू नका: सोलापूरकरांसाठी किडनीची गाईड

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आपण सगळे एकच करतो, पीडीएफ उघडतो, ठळक अक्षरातला आकडा शोधतो आणि ठळक काही दिसलं नाही की मोबाईल खिशात. किडनीच्या बाबतीत ही सवय लय महागात पडते. मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त काढायचं, बल्ब (रक्ताच्या छोट्या नळ्या) मशीनमध्ये गरगर फिरवायचे, तपासणीच्या मशीनला लावायचे, रिपोर्ट हातात द्यायचा हे माझं रोजचं काम. डॉक्टर नाही मी, त्यामुळं कुठली गोळी घ्यायची आणि कुठली बंद करायची ते तुमचे डॉक्टरच सांगतील, पण त्या कागदावर जे छापलंय ते कसं वाचायचं आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं एवढं तरी प्रत्येकाला यायला पायजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

केएफटी (किडनी फंक्शन टेस्ट) म्हणा नाहीतर आरएफटी (रीनल फंक्शन टेस्ट), टेस्ट तीच, किडनी नीट काम करते का ते बघणारी रक्ताची, कुणी डॉक्टर चिठ्ठीवर असं लिहितात कुणी तसं. त्यात युरिया, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड हे साधारण असतं, काही लॅब कॅल्शियम फॉस्फरस पण घालतात आणि आता बऱ्याच ठिकाणी ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, आकडा कमी म्हणजे काम कमी) पण छापून येतो. लघवीची तपासणी मात्र यात नसते, ती वेगळी सांगावी लागते, आणि निम्मी गोष्ट तिथंच असते, त्यावर खाली सविस्तर येतोच.

आधी क्रिएटिनिन. आपल्या स्नायूंमधून रोज निघणारा हा कचरा, तयार होतो जवळपास ठराविक मापात आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून किडनी कमी पडायला लागली की तो रक्तात साठतो आणि आकडा वाढतो. पुरुषांत साधारण ०.७ ते १.३ आणि बायकांत ०.६ ते १.१ मिलीग्रॅम पर डेसिलिटर, लॅबप्रमाणे रेंज थोडी पुढंमागं होते. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की किडनीचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा रेंजच्या आतच बसून राहू शकतो. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यातल्या काही बंद पडल्या की उरलेल्या त्यांचं काम ओढून नेतात, बाहेर काही म्हणजे काही कळत नाही, ना दुखतं ना खुपतं. त्यामुळं 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे, किडनी एकदम फिट' हे वाक्य नेहमी खरं असतंच असं नाही.

दुसरी गोष्ट, हा कचरा स्नायूंचा, म्हणजे ज्याच्या अंगावर स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन जास्त आणि जो बारीक किंवा वयस्कर त्याचं कमी. आता एक उदाहरण घ्या. समजा कुंभारीच्या विडी घरकुलमधल्या साठ वर्षांच्या मावशी आहेत, अंगानं बारीक, क्रिएटिनिन आलं १.२, आणि लॅबनं बायका-पुरुष सगळ्यांना एकच रेंज छापलीय १.३ पर्यंत, म्हणजे ठळक अक्षर नाही, लाल नाही, काही नाही. आणि त्याच दिवशी जुळे सोलापूरचा चोवीस वर्षांचा जिमला जाणारा पोरगा, क्रिएटिनिन १.४, समोर मोठा एच म्हणजे 'हाय', घरात रडारड. हिशोब केला तर पोराचा ईजीएफआर येतो साधारण ७२ आणि मावशींचा येतो साधारण ५२. म्हणजे ज्यांना कुणी काही बोललं नाही त्यांच्याच किडनीकडं आधी बघायला पायजे. पोरगा जर क्रिएटिन पावडर घेत असेल तर आकडा त्या पावडरनं पण वाढलेला असू शकतो, डॉक्टरांना पावडरचं सांगून, ती काही आठवडे बंद ठेवून टेस्ट परत करायची, आणि तरी शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट असते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. अतिशय बारीक म्हाताऱ्या माणसांत पण ती उपयोगी पडते कारण त्यांच्यात क्रिएटिनिन किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतं.

ईजीएफआर कसा वाचायचा

ईजीएफआर म्हणजे किडनी एका मिनिटात किती रक्त गाळते याचा अंदाज, क्रिएटिनिन, वय आणि बाई का पुरुष एवढ्यावरून फॉर्म्युला लावून काढलेला. आता जो चालतो तो सीकेडी-ईपीआय २०२१ हा फॉर्म्युला. रिपोर्टवर छापलेला नसेल तर मोबाईलवर कॅलक्युलेटर मिळतात, नाव नीट बघून तोच निवडा. ९० च्या वर असेल तर चांगलं, ६० ते ८९ म्हणजे थोडं कमी, ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्या स्टेजचे दोन भाग, १५ ते २९ चौथी, १५ च्या खाली पाचवी. इथं दोन गैरसमज होतात. एक म्हणजे ७८ आला की लोक 'स्टेज टू आहे म्हणे' म्हणून झोप उडवून घेतात, पण लघवीत प्रोटीन नसेल, सोनोग्राफी ठीक असेल, दुसरी काही खूण नसेल तर ६० च्या वरचा नुसता आकडा म्हणजे आजार नव्हे. दुसरा म्हणजे एकाच रिपोर्टवरून किडनीचा जुना आजार ठरत नाही, बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला दिसायला लागतो. जुलाब-उलट्या चालू असताना, डेंग्यूच्या तापात, ऑपरेशननंतर काढलेल्या रक्तावर ईजीएफआर काढून बसू नका, तो फॉर्म्युला स्थिर असलेल्या माणसासाठी आहे, आणि गरोदर बाईला तर लावायचाच नाही, लहान पोरांचा फॉर्म्युला वेगळा असतो.

म्हणूनच माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, रिपोर्ट एकटा बघू नका, ओळीनं बघा. घरातल्या एका साध्या वहीचं एक पान काढा, तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन, पोटॅशियम, त्या दिवशीचं बीपी, आणि शेवटी एक कॉलम त्या आठवड्यात काय चालू होतं त्याचा, ताप, जुलाब, नवीन गोळी, दुखण्याच्या गोळ्या. लॅब शक्यतो एकच ठेवा कारण मशीन बदललं की आकडा थोडा हलतो. १.१ चं १.२ झालं आणि पुढच्या वेळी परत १.१ आलं तर त्यात काही नाही, एवढं खालीवर होतच असतं. पण ०.८, ०.९, १.०, १.२ असं दर वेळी वरच चढतंय तर सगळे आकडे रेंजमध्ये असले तरी डॉक्टरांपुढं ती वही ठेवा. मला काउंटरवर कुणी अशी वही काढून दाखवली ना की लय बरं वाटतं, डॉक्टरांचं पण निम्मं काम तिथंच होतं. आणि काही दिवसांतच ०.९ चं १.८ झालं असेल तर वही नंतर, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लघवीची टेस्ट, जी कुणी सांगत नाही

चहाच्या गाळणीला भोक पडलं की पत्ती खाली यायला लागते तसं किडनीच्या गाळण्या खराब व्हायला लागल्या की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरतं, आणि शुगरवाल्यांमध्ये तर क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू होऊ शकतं. ती पकडणारी टेस्ट म्हणजे युरीन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो, एसीआर म्हणतात, काही ठिकाणी मायक्रोअल्ब्युमिन म्हणून मागावी लागते. ३० च्या खाली चांगलं, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे जास्त, मिलीग्रॅम पर ग्रॅममध्ये. साध्या युरीन रूटीनच्या पट्टीवर 'निल' आलं म्हणून बारीक गळती नाहीच असं समजू नका, पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसत नाही.

सकाळची पहिली लघवी द्या, धार सुरू झाल्यावर मधली घ्या. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, पाळीत, किंवा आदल्या दिवशी जोरात व्यायाम झाला असेल तर थांबा, खोटं जास्त येतं. एकदा जास्त आलं तर पुढच्या तीन महिन्यांत परत करून खात्री करायची. टाईप टू शुगर ज्या दिवशी कळली त्या दिवसापासून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि एसीआर दोन्ही, बीपीवाल्यांनी पण, घरात आई-बाप-भावाला किडनीचा आजार असेल तर त्यांनी पण. शुगरवाले दर तीन महिन्याला एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) करतात, उपाशीपोटीची जेवणानंतरची करतात, आणि ही एक टेस्ट वर्षानुवर्षं राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिली नसेल तर तुम्ही विचारा, 'डॉक्टर, लघवीची एसीआर करून बघू का', विचारण्यात कसला संकोच.

बाकीच्या आकड्यांचं थोडक्यात. युरिया आणि बीयूएन (युरियातला नुसता नायट्रोजन) हे दोन वेगळे आकडे आहेत, बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया येतो, म्हणजे मागच्या लॅबनं बीयूएन १८ दिलं आणि या लॅबनं युरिया ३८ दिलं तर वाढलं काहीच नाही, गोष्ट तीच आहे. युरिया पाणी कमी पडल्यानं, भरपूर मटण खाल्ल्यानं, स्टेरॉईडनं पण वाढतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात तर क्रिएटिनिन जागेवर आणि युरिया एकटाच वर असे रिपोर्ट येतात, त्यात बऱ्याचदा अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. पण युरिया एकदम वाढलाय आणि शौचाला डांबरासारखं काळं होतंय तर पोटात रक्तस्राव असू शकतो, तेव्हा थांबायचं नाही. युरिक अ‍ॅसिड थोडं जास्त आलं म्हणजे किडनी गेली असं नसतं, सांधा सुजून ठणकत नसेल, मूतखडा नसेल तर नुसत्या आकड्यासाठी स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. सोडियम १३५ ते १४५, ते कमी झालं तर म्हातारी माणसं गोंधळल्यासारखी बोलायला लागतात, चालताना झोक जातो, हे घरच्यांनी लक्षात ठेवायचं.

पोटॅशियमवर मात्र थोडं थांबतो कारण इथं आमच्या बाजूनं पण गडबड होऊ शकते. नॉर्मल साधारण ३.५ ते ५.० असतं. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळं रक्त काढताना शीर सापडेना म्हणून बारीक सुईनं ओढून ओढून काढलं, पट्टा लय वेळ आवळून ठेवला, पेशंटनं मूठ सारखी उघड-बंद केली, की पेशी फुटतात नाहीतर स्नायूतून पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. बल्ब फिरवल्यावर वरचं सिरम स्वच्छ पिवळसर दिसायला पायजे, ते गुलाबी-लालसर दिसलं की आम्ही म्हणतो सॅम्पल हिमोलाइज झालं. तालुक्याच्या गावातून दुपारपर्यंत बल्ब गोळा करून मोटरसायकलवर सोलापूरला येतात, सिरम वेगळं न करता तसंच राहिलं तरी पोटॅशियम चढतं. म्हणून आदल्या महिन्यात ४.४ असलेलं एकदम ५.९ आलं तर लॅबला फोन करून विचारा, सॅम्पल हिमोलाइज होतं का, आणि परत द्या. पण परत द्यायचं ते त्याच दिवशी, पुढच्या आठवड्यात नव्हे, कारण पोटॅशियम खरंच सहाच्या वर असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ज्याची किडनी आधीच कमी आहे, जो टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी घेतोय, त्यानं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं, ते ईसीजी काढून बघतील.

टेस्टच्या आधी उपाशी राहायची गरज नसते, बरोबर शुगर-लिपिड असेल तरच. पाणी प्यायचं, उपाशीपोटी म्हणजे पाणीबंद नव्हे. आदल्या रात्री मटण-चिकन टाळा, शिजलेल्या मांसात क्रिएटिनिन असतंच, रविवारी रस्सा आणि सोमवारी सकाळी टेस्ट असं केलं की आकडा थोडा वर येतो. आदल्या दिवशी जिम नको. आणि काउंटरवर सांगा कुठल्या गोळ्या चालू आहेत ते, लपवू नका.

आता किडनी जपायची कशी

किडनी खराब व्हायची सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे शुगर आणि बीपी, बाकी सगळं त्यांच्या नंतर. एचबीएवनसी बहुतेकांना सातच्या आसपास ठेवायला सांगतात, बीपी १३० / ८० च्या खाली, वयस्कर माणसांत डॉक्टर थोडं सैल ठेवतात. घरी हातावरचं मशीन घ्या, पाच मिनिटं शांत पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, चहा-तंबाखू अर्धा तास आधी नको, दोनदा मोजा आणि त्या वहीतच लिहा. बीपीची गोळी 'आता नॉर्मल आलंय की' म्हणून बंद करणारी माणसं रोज भेटतात, अहो नॉर्मल आलंय ते गोळीमुळंच आलंय. लघवीत प्रोटीन जात असेल तर डॉक्टर टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीतली गोळी देतात, ती बीपीबरोबर गळती पण कमी करते. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम बघायचं असतं आणि तेव्हा क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, तीस टक्क्यांच्या आत असेल तर सहसा गोळी चालूच ठेवतात, तुम्ही घाबरून सोडू नका, विचारा. डॅपाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची गोळी, आता शुगर नसलेल्या किडनी पेशंटला पण देतात कारण किडनीची घसरण तिनं हळू होते हे अभ्यासात नीट दिसलंय, आणि आता तिचे स्वस्त जेनेरिक मिळतात. तुमच्या बाबतीत चालेल का एवढं विचारून तर बघा. मेटफॉर्मिन चालू असेल आणि ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर ती बंद करायची असते, म्हणून ईजीएफआर शुगरच्या डॉक्टरांना पण दाखवायचा, नुसता किडनीवाल्यांना नाही.

मग दुखण्याच्या गोळ्या. यावर मी कितीही बोललो तरी मला कमीच वाटतं. आपल्याकडं विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसतात, कंबर, मान, बोटं सगळं ठणकतं. पॉवरलूमवरची माणसं पाळीभर उभी, पाय भरून येतात. मग मेडिकलवर जाऊन 'दादा, अंगदुखीची द्या की, मागं दिली ती', आणि कागदाच्या पुडीत दोन-तीन सुट्या गोळ्या, नाव नाही गाव नाही. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाईड यातलं काहीतरी असतं. ही औषधं किडनीला रक्त नेणारी बारीक नळी आवळतात, एखाद्या वेळी तरण्याताठ्या धडधाकट माणसाला चालून जातं, पण शुगर-बीपीवाल्या, साठीच्या पुढच्या, आधीच पाणी कमी पिणाऱ्या माणसानं महिनोन्महिने रोज घेतली की किडनी झिजते. आणि बीपीची गोळी, लघवी जास्त होणारी गोळी आणि ही अंगदुखीची गोळी तिन्ही एकत्र पडल्या तर काही दिवसांत क्रिएटिनिन उडी मारतं. पंढरीच्या वारीत पण हेच होतं, पाय दुखतात म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी, वरून ऊन आणि पाणी कमी. डॉक्टरांना विचारून ठरवलेल्या मापात पॅरासिटामॉल, लावायचा मलम, गरम शेक, दर तासाला उठून पाच मिनिटं चालणं यावर जेवढं भागेल तेवढं भागवा. पुडी घेताना गोळीचं नाव पट्टीवरून वाचून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढा, आईसाठी आणत असाल तर मेडिकलवाल्याला सांगा की तिला शुगर आहे, बीपी आहे, किडनीला चालणारी द्या.

'किडनी साफ करणारा काढा', 'मूतखडा विरघळवणारी पुडी' अशा बिननावाच्या गोष्टींपासून लांब राहा. शिसं-पारा असलेली भस्मं किडनीला घातक ठरतात, ज्या पुडीवर काय घातलंय ते लिहिलेलं नाही ती तोंडात टाकू नका. गोरं करणाऱ्या क्रीमचं पण तसंच, पारा असलेल्या क्रीम लावल्यानं किडनीचा आजार झालेले पेशंट केरळात २०२३ मध्ये समोर आले, लघवीतून प्रोटीन जायला लागलं होतं. घरात कुणाच्या पायाला, डोळ्याखाली सूज आली आणि लघवीला फेस येतोय जो जातच नाही तर ती क्रीमची डबी पण डॉक्टरांकडं घेऊन जा.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं, भाजीतलं, भाकरीतलं, शेंगा चटणीतलं, लोणच्या-पापडातलं, बेकरीच्या खारीतलं. शेंगा चटणी सोडा असं मी म्हणणार नाही, सोलापुरात कोण सोडेल, पण घरी कुटताना मीठ निम्मं करा, लसूण-तिखट-जिरं वाढवा, जीभ दोन-तीन आठवड्यांत सवय करून घेते. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद करा. आणि एक धोक्याची गोष्ट, बाजारात कमी सोडियमवालं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, बाकीच्यांना चांगलं असेल पण ज्याची किडनी कमी आहे किंवा पोटॅशियम वाढलेलं आहे त्याला ते चालत नाही. तसंच उपवासाचं. एकादशीला शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळी, वर नारळपाणी, हे सगळं पोटॅशियमनं भरलेलं ताट आहे. तुमचं पोटॅशियम नॉर्मल असेल तर खुशाल खा, पण वाढलेलं असेल तर उपवासाला काय चालेल ते आहारतज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्या, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा इन्सुलिन चालू असेल तर कडक उपवास विचारल्याशिवाय करू नका. कमरख ज्याला काही जण करंबळ म्हणतात ते फळ मात्र किडनीच्या पेशंटनं चाखायचं सुद्धा नाही, त्यातल्या विषारी घटकानं मेंदूवर परिणाम होतो, न थांबणारी उचकी लागते, झटके येतात.

पाण्याबद्दल दोन्ही टोकाचे सल्ले फिरतात. सकाळी उठून दोन लिटर एकदम ढोसल्यानं किडनी धुऊन निघत नाही, किडनी तसंही दिवसाला साधारण १८० लिटर गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर सोडते. पण सोलापूरचा उन्हाळा म्हणजे ४२-४३ डिग्री, त्यात लूमच्या शेडमध्ये, भट्टीजवळ, बांधकामावर, उसाच्या फडात काम करणाऱ्याला पाणी कमी पडणं हा खरा धोका आहे. निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत उसाच्या शेतात राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये शुगर-बीपी नसताना किडनी खराब होण्याचं प्रमाण फार मोठं आहे आणि त्यात उष्णता आणि पाणी कमी पडणं हे महत्त्वाचं कारण मानतात, आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, आपण हे हलक्यात घेऊन चालणार नाही. लघवीचा रंग बघत राहा, फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला की पाणी वाढवा, कामावर आपली बाटली आपल्याजवळ ठेवा, तासातासाला घोट घ्या, सावलीत बसायला मुकादमाला सांगा, थंड बाटलीतल्या गोड सोड्यावर तहान भागवू नका. कामाच्या ठिकाणी संडास-बाथरूम नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, त्यातनं लघवीचं इन्फेक्शन होतं, मालक मंडळींनी एवढी सोय तरी करायलाच पायजे. फक्त ज्यांना हृदयाचा त्रास आहे, अंगावर सूज आहे, डायलिसिस चालू आहे त्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात, त्यांनी हे वाचून पाणी वाढवू नका.

जुलाब-उलट्या लागल्या आणि खाणंपिणं बंद झालं तर बीपीच्या काही गोळ्या, लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कुठल्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या हे बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि गोळ्यांच्या डब्यात ठेवा. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून औषध सोडणार असतील तर आधी क्रिएटिनिन दाखवा. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी किडनीच्या रक्तवाहिन्या पण खराब होतात. म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडकत असेल, थेंबथेंब होत असेल तर प्रोस्टेटमुळं मागं दाब येऊन किडनी फुगते, सोनोग्राफीत लगेच कळतं, वेळेवर मोकळं केलं तर किडनी बऱ्याचदा सावरते.

नेफ्रॉलॉजिस्टकडं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडं, कधी जायचं? ईजीएफआर ३० च्या खाली आला, एसीआर ३०० च्या वर राहिला, लघवीतून रक्त जातंय, काही महिन्यांत आकडे भरभर घसरतायत, तीन-चार गोळ्या घेऊन पण बीपी ऐकत नाही, यातलं एक जरी असलं तरी जायचं. मळमळ, अंगाला खाज, दम, लघवी एकदम कमी होणं याची वाट बघू नका, ही सगळी उशिरा येणारी लक्षणं आहेत. हिमोग्लोबिन सारखं कमी येतंय आणि लोहाच्या गोळ्यांनी भरत नाही, तरी एकदा किडनी बघा, रक्त बनवायचा निरोप देणारं हार्मोन किडनीतच तयार होतं. जाताना ती वही, सगळे जुने रिपोर्ट, सोनोग्राफी आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. खर्चाच्या भीतीनं घरी बसून राहू नका, आपल्या सिव्हिलमध्ये दाखवता येतं, आणि डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड-आधार घेऊन त्यांना भेटा.

आणि एक गोष्ट जी फक्त आमच्यासारखे सुई टोचणारेच सांगू शकतात. ईजीएफआर ३० च्या खाली गेला असेल तर ज्या हातानं तुम्ही काम करत नाही त्या हाताच्या, म्हणजे उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं डाव्या हाताच्या, मनगटापासून कोपरापर्यंतच्या आणि वरच्या शिरा जपायच्या. पुढं डायलिसिस लागलंच तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया लावायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) तिथं करतात आणि सुया-सलाईननं शीर खराब झालेली असली की तो नीट बनत नाही. लॅबमध्ये बसल्या बसल्या बाही वर करायच्या आधीच टेक्निशियनला सांगा, 'दादा, किडनीचा पेशंट आहे, तळहाताच्या मागच्या शिरेतनं घ्या', सलाईन लावणाऱ्या सिस्टरला पण सांगा, कुणी नाही म्हणणार नाही.